कोबीच्या कडेची फुलं

आबांनी पान उलटं केलं, चिमटीत आणखी एक किडा धरला आणि डब्यात टाकला. काळा, काटेरी, पाठीवर नारिंगी ठिपके. एवढीशी मगरच जणू. बघून अंगावर काटा यावा असलं ध्यान! उजाडल्यापासून अशी तीसेक ध्यानं डब्यात वळवळत होती. साबणाच्या पाण्यात बुडवायची तेवढी राहिली होती.

हे आबांचं गुपित होतं. गेले आठ दिवस सून गोठ्यात धारा काढायला बसली की ते ओठांत देवाचं नाव घेत कोबीत शिरायचे. वाकून वाकून कंबर धरली होती, पण सांगणार कुणाला? सुनेनं पंपवाल्याला शब्द दिला होता, रविवारपर्यंत पानांचा रस शोषणारा मावा हटला नाही तर त्यानं येऊन फवारणी करायची. घरात माणसं दोनच, पण दोघांचं वर्षाचं पोट या कोबीवर होतं. आज शुक्रवार.

दोन वर्षांपूर्वी याच शेतात फवारणी करून आबांचा मुलगा घरी आला तो भिंत धरत. तिसऱ्या दिवशी त्यानं दवाखान्यातच डोळे मिटले. वारा उलटा होता, असं सगळे म्हणाले. पंपात औषध कुणी कालवलं, हे कुणी विचारलं नाही. आबांनी सांगितलं नाही.

यंदा सुनेनं कोबीच्या कडेनं आणि मधल्या ओळींत झेंडू, शेपू, कोथिंबीर लावली. भाजी खुडायची सोडून ती चक्क फुलू दिली. "फुलांवर चांगले किडे येतील, आबा. तेच माव्याला खातील," म्हणाली. शेजारी बांधावरून रोज टोमणा मारायचा, "काय आबा, यंदा कोबी तोडणार की गुच्छ बांधणार?" आबा हसण्यावारी न्यायचे. मनातून मात्र देवाला विनवायचे, पोरीचं म्हणणं खरं ठरू दे. हा पंप पुन्हा माझ्या दारात येऊ देऊ नकोस.

मावा काही त्यांच्या डोळ्यांना दिसत नसे. चष्म्यातूनही पानावर राख सांडल्यासारखं वाटायचं, इतकंच. दिसायचे ते हे काळे. मग दिसतील ते वेचायचे.

"आबा? तुम्ही इथं काय करताय?"

सून मागे उभी होती, हातात दुधाची किटली. चोरी पकडली गेल्यासारखे आबा वरमले. मग त्यांनीच हौसेनं डबा पुढे केला.

"म्हटलं, तुला जरा हातभार लावावा. हे बघ तुझ्या कोबीचे वैरी! आठ दिवस वेचतोय. म्हातारा अगदीच वाया गेलेला नाही म्हटलं."

सुनेनं डब्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. किटलीच्या कडीवरची तिची बोटं घट्ट झाली. मग तिनं किटली खाली ठेवली, डब्यातला एक किडा बोटावर घेतला आणि राखेसारख्या झालेल्या एका पानावर सोडला. पान वाकवून तिनं आबांच्या अगदी नाकाशी आणलं.

"आता बघा."

किडा थोडा चालला. थांबला. त्यानं राखेत डोकं खुपसलं. थोड्या वेळानं तिथं तिळाएवढी स्वच्छ हिरवी जागा दिसू लागली. मग शेजारी आणखी एक.

"लाल भुंगेरे नाहीत का, काळ्या ठिपक्यांचे? त्यांची ही पिल्लं," सून हळू आवाजात म्हणाली. "फुलांमुळे भुंगेरे आले, त्यांनी या पानांवर अंडी घातली. आठ दिवस मी शोधतेय, पिल्लं जातात तरी कुठं."

आबा मटकन सरीत बसले.

"तेव्हाही असंच झालं, पोरी," ते म्हणाले. "बाटलीवर एक झाकण लिहिलं होतं. मावा हटेना, म्हणून मी तीन घातली. त्याला बोललो नाही. तो बिचारा पंप पाठीला लावून निघाला. तेव्हाही हेच हात, आणि आताही हेच."

डब्यातलं एकेक पिल्लू उचलून सून मावा दाट असलेल्या पानांवर ठेवत राहिली. अर्धी ओळ झाल्यावर तिनं डबा आबांपुढे धरला.

"उरलेली तुम्ही सोडा. हलक्या हातानं."

"आणि रविवारी?"

"पंपवाल्याला निरोप धाडते, येऊ नको म्हणून. पानांखाली अजून अंडी आहेत. थोडं पीक जाईल, जाऊ दे." ती क्षणभर थांबली. "आणि तुम्ही औषध जास्त घातलं होतं, हे मला आधीच ठाऊक आहे, आबा. पंपाला वास किती उग्र होता ते त्यांना कळलं होतं. दवाखान्यात त्यांनीच मला सांगितलं."

आबांच्या बोटावरचं पिल्लू तिथंच थबकलं.

"दोन वर्षं?" आबांनी विचारलं. "मग... मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलून काय करू? फुलं लावली," सून म्हणाली. "तुमच्या हातांना ते औषध पुन्हा कधी कालवायला लागू नये म्हणून."