वळसा

कागदावर हृदयाचं चित्र काढून झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "मग आजी, करायचं ना ऑपरेशन?"

"सोमवारी करू," मुलगा म्हणाला.

"सोमवारी मला सुट्टी नाही. मंगळवारी बघ ना," सून त्याला म्हणाली.

मधल्या खुर्चीत आजी बसली होती. तिच्या डोक्यावरून वार ठरला. एके काळी तिला न विचारता खिडकीचा पडदा बदलायची घरात कुणाची छाती नव्हती. तिने चष्मा पुसला आणि चित्रावर बोट ठेवलं.

"ही चोंदलेली रक्तवाहिनी काढून टाकता का हो?"

"नाही आजी, ती असते तशीच जागेवर राहते. पायातली शीर घेऊन, तिला वळसा घालून नवी वाट करतो. मग सगळं रक्त तिकडून जातं."

"आणि जुनीला कुणी विचारत नाही."

डॉक्टर हसले. "घाबरू नका, भूल देतो. काही कळायचंसुद्धा नाही."

"घाबरतंय कोण?" आजी म्हणाली. "याचे वडील गेले ना, त्याच महिन्यात आमच्या घरी हे ऑपरेशन झालंय. भूल तेवढी कुणी दिली नव्हती."