विहिरीवरचा ढावलो

पडद्यावर विहिरीच्या काठाशी मेलेली नवरी उभी राहिली आणि थिएटरातल्या निम्म्या लोकांनी डोळ्यांवर हात घेतले. उरलेल्या निम्म्यांनी मोबाइल वर धरले. नवरीच्या अंगात बंजारा बायकांची फेटिया-कांचळी होती, हातभर चुडे होते, आणि ती सूर लावून रडत होती. मागच्या रांगेतली एक मुलगी एवढ्यांदा किंचाळली की तिच्या हातचे पॉपकॉर्न पुढच्यांच्या डोक्यावर सांडले.

कुंदाताईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. कादंबरी त्यांची, पडद्यावर सुरुवातीलाच नाव त्यांचं, आणि यवतमाळात पहिल्याच दिवशी तीनचा खेळ भरलेला. पण त्यांचं लक्ष पडद्याकडे नव्हतंच. शेजारच्या खुर्चीत म्हातारी रामीबाई बसली होती. दारव्ह्याकडच्या तांड्यावरून कुंदाताईंनीच गाडी पाठवून तिला आणवलं होतं. सणाला निघावं तशी ती नटून आली होती. तिच्याही अंगात फेटिया-कांचळी, तिच्याही हातात चुडे. मध्यंतरात कोणीतरी "भूत तं इथंच बसून आहे बे" म्हणालं होतं, तेव्हा कुंदाताईंनी ऐकू न आल्यासारखं केलं होतं.

पडद्यावरची नवरी रडत म्हणत होती तो ढावलो रामीबाईचाच होता. बंजाऱ्यांची नवरी सासरी निघताना माहेरच्या बायकांच्या गळ्यात पडून जे गाऊन रडते, तो ढावलो. उगाच कोणी तो म्हणत नाही. चार वर्षांपूर्वी कुंदाताईंनी फारच हट्ट धरल्यावर रामीबाईने दार लोटून घेतलं आणि तो म्हटला. तुमच्या पोरी कशा निघतात हे लोकांना कळू दे, असं कुंदाताई तिला म्हणाल्या होत्या. मग घरी येऊन त्यांनी तो भुताच्या तोंडी घातला. सिनेमावाल्यांनी नव्हे, त्यांनीच. रामीबाईला वाचता येत नव्हतं, ते तेव्हा सोयीचं पडलं.

नवरीने दुसरं कडवं धरलं आणि शेजारून आवाज आला. आधी बारीक, मग मोकळा. रामीबाई रडायला लागली होती. भ्यायली म्हणून नव्हे. ती साथ देत होती. नवरी ढावलो म्हणते तेव्हा जवळच्या बाईने तिला गळ्याशी धरून तिच्याबरोबर रडायचं असतं, तिला एकटीला रडू द्यायचं नसतं. रामीबाईने दोन्ही हात पडद्याकडे पुढे केले होते आणि ती "छोरी, छोरी" करत होती.

पुढच्या रांगांतली डोकी मागे वळली. मग कोणीतरी हसलं, मग बरेच जण हसले, आणि वीस-पंचवीस मोबाइलचे दिवे या रांगेवर पडले. कुंदाताईंनी रामीबाईचा हात खाली दाबला आणि लोक बघताहेत, गप्प बसा, असं कुजबुजल्या. एवढी लाज त्यांना जन्मात वाटली नव्हती. ती रामीबाईची वाटत होती की स्वतःची, हे मात्र त्यांनी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. रामीबाई गप्प झाली. पडद्यावरची नवरी एकटीच रडत राहिली, मग नायकाने तिला पेटवून दिलं आणि टाळ्या पडल्या.

बाहेर बंटी माइक घेऊन उभाच होता. त्याचं यूट्यूब चॅनल आहे. सिनेमा कुठलाही लागो, पहिल्या दिवशी खेळ सुटला की तो लोकांना 'कसा वाटला' विचारतो. लोक भरभरून बोलत होते. कोणाच्या अंगावर काटा आला होता, कोणाला मध्यंतरानंतर झोप लागली होती. उमरखेडहून आलेल्या एका जोडप्याचं म्हणणं, पुस्तक वाचताना याहून जास्त भीती वाटली होती. एकाला आधी वाटलं की साउंडच भारी आहे, मग वळून पाहतो तर म्हातारी. म्हातारीचं सगळ्यांनीच सांगितलं. भुतापेक्षा तिनेच जास्त घाबरवलं, यावर एकमत होतं.

कुंदाताई दिसताच बंटी गर्दीतून वाट काढत आला.

"मॅडम, ते आयडिया तुमचीच न? हॉलमंदी खरी बंजारीण बसवाची?"

लोक कौतुकाने भोवती जमले. कुंदाताईंच्या तोंडाशी खरं उत्तर आलं होतं. ते काही लांबलचक नव्हतं. हा ढावलो यांचा आहे, भुताचा नाही. आणि नवरीला एकटीला रडू द्यायचं नसतं. दोनच वाक्यं. पण ती बोलली असती तर मग त्याला भुताचा कोणी केला, हेही सांगावं लागलं असतं. त्यांनी पदर सारखा केला आणि हसल्या.

"हं. म्हणजे, थोडी वातावरणनिर्मिती."

बंटी खूश झाला. त्याने माइक रामीबाईपुढे धरला. "मावशी, मॅडमनं सांगतलं होतं काय रडाले?"

रामीबाईने कुंदाताईंकडे पाहिलं. कुंदाताई माइककडे पाहत होत्या. आता ही सगळं सांगणार, असं त्यांना वाटलं. सांगून टाकलं तर बरंच होईल, असंही वाटलं.

"हो बापू," रामीबाई म्हणाली. "बाईनंच सांगतलं होतं."

पुन्हा टाळ्या. दोघातिघांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतले. कुंदाताईंना कोणाकडेच वर मान करून पाहवेना. बंटीने मोबाइल आडवा धरला, लोकांना जरा मागे सरायला सांगितलं आणि रामीबाईला म्हणाला की आता एकदा इथे, कॅमेऱ्यासमोर, तसंच करून दाखवा.

रामीबाईने ओढणी डोक्यावर नीट घेतली, कुंदाताईंकडे वळली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "रडू काय, बाई?"