आंदणाच्या उशा

पार्बताबाईनं चारही उशा पुन्हा खाली घेतल्या. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं.

पलंग नवाकोरा होता, पण त्याला डोक्याकडची फळी नव्हती. विलायतेत कापसाला सोन्याचं मोल आलं, तशी तिच्या नवऱ्याला, जानरावांना, अमरावतीहून पलंग आणायची हुक्की आली. नक्षीची फळी महिन्याभरानं देतो, असं सुतार म्हणाला होता. एवढा धीर कोणाला? फळीवाचूनच पलंग गाडीत चढला आणि गावभर मिरवत घरी आला. त्यात भिंतीचा पाया पुढे आलेला, म्हणून पलंग भिंतीला टेकेना. मधे वीतभर फट राहिली. उशा उभ्या लावल्या की त्या मागच्या मागे फटीत घसरत आणि घसरताना खसखस वाजत.

कापसाची उशी कधी वाजत नाही, हे वऱ्हाडात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

उशा होत्या सुनेच्या आंदणातल्या. विहीण मैनाबाईनं आपल्या शेतातला कापूस निवडून, काडीकचरा वेचून त्या भरल्या होत्या आणि निळ्या दोऱ्यानं स्वतः शिवल्या होत्या. दिवाळीनंतर भाव आणखी चढला तेव्हा जानरावांनी त्या उसवल्या, कापूस गाडीवर टाकला आणि आत ज्वारीचं कुटार कोंबलं. गावात घरोघरी तेच झालं होतं. गाद्या रिकाम्या झाल्या, गोधड्यासुद्धा उसवल्या गेल्या. शेतात पांढरं सोनं आणि डोक्याखाली ढोरांचा चारा, अशी त्या साली कास्तकारांची श्रीमंती होती.

आज मैनाबाई अकोल्याकडून येणार होती, लेकीला पहिल्या बाळंतपणाला न्यायला. लेकीला मूल होईपर्यंत आईनं तिच्या सासरचं पाणीही घ्यायचं नाही, हा रिवाज. म्हणजे पुरणपोळी नाही की पानसुपारी नाही. विहिणीचा मान राखायचा तो फक्त तिला बसायला देऊन.

जानरावांची जुनी तेलकट उशी तेवढी खऱ्या कापसाची उरली होती, कारण तिच्यातला कापूस कोणी व्यापारी फुकटही नेला नसता. पार्बताबाईनं तिच्यावर आंदणातली एक खोळ चढवली आणि ती सगळ्यात पुढे ठेवली. कुटाराच्या उशा मागे दडवल्या. मग स्वतः टेकून बसली, कान देऊन ऐकलं. आवाज आला नाही. पण उठल्यावर उशा पुन्हा कलल्या.

तिच्या जिवाला खरी धास्ती होती ती आतल्या खोलीची. यंदा वेचणीला मजूर मिळेना, ज्याला त्याला आपल्याच शेताची घाई. मग सातवा महिना लागलेली सून, वच्छला, रोज फडकं बांधून कापूस वेचायला जात होती. दोन वेळा पार्बताबाईनंच तिला म्हटलं होतं, एवढी ओळींची पात उरकू दे, मग बस. पोरीचे गाल आत गेले होते. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढत, म्हणून पार्बताबाईनं आज तिच्या मनगटाला चिंधी गुंडाळून वर बांगड्या बसवल्या होत्या. जाडसर लुगडं नेसवलं होतं आणि पदर अंगभर घ्यायला सांगितलं होतं. आईनं पाहिलं आणि पोरगी परत पाठवलीच नाही तर? सूनही जायची आणि घरातलं पहिलं नातवंडही.

बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज आला.

मैनाबाई आली, पाय धुतले, पाण्याला नको म्हणाली. पार्बताबाईनं तिला हाताला धरून पलंगावर बसवलं. रस्ता कसा होता, रात्री मुक्काम कुठं केला, बैल दमले का, असं ती एकामागून एक विचारत राहिली. मैनाबाईनं सगळ्याची उत्तरं दिली आणि मग वच्छला कुठं आहे म्हणून विचारलं. लुगडं नेसून राहिली, येतेच, असं पार्बताबाई म्हणाली.

प्रवासानं आंबलेली मैनाबाई मागे टेकली. पुढची उशी सरकली, तिच्या मागोमाग बाकीच्याही फटीत गेल्या. खसखस झाली. पार्बताबाई झटकन पुढे झाली.

"राहू द्या, राहू द्या, मी काढतो," ती म्हणाली. पण मैनाबाईनं वाकून एक उशी वर ओढलीच होती.

तिनं ती मांडीवर घेतली. एकदा दाबली, मग दुसऱ्या बाजूनं दाबली. निळ्या शिवणीच्या टोकाला काळा दोरा होता. तो तिनं नखानं उचकला आणि दोन बोटं आत घातली. चिमूटभर कुटार तळहातावर घेऊन ती पाहत बसली.

पार्बताबाईला राहवेना. औंदा साऱ्यांनीच विकला, मालकांनी ऐकलं नाही, पुढच्या हंगामात दुप्पट कापूस भरून देऊ, असं ती भराभर बोलत सुटली. बोलता बोलता तिची नजर आतल्या दाराकडे गेली. तिथं वच्छलाची सावली येऊन थांबली होती.

मैनाबाईनं हात झटकला. उशीवरून तळवा फिरवून ती अलगद बाजूला ठेवली. आवाज मुळीच चढवला नाही.

"खोळ माह्या घरचीच हाये, ईनबाई," ती म्हणाली. "आता पोरीले बलावा. तिले बी हात लावून पाह्यतो."