उशिराची लावणी

उमाजीनं लोंबीतला एक दाणा चिमटीत दाबला. आत काहीच नव्हतं. दुसरा दाबला, तिसरा दाबला. नुसतं टरफल. भात फुलोऱ्यावर असताना अणशीच्या डोंगरावरून पाऊस उतरला होता आणि फुलोरा पार धुऊन निघेपर्यंत उघडला नव्हता. आता लोंब्या ताठ उभ्या होत्या. भरलेली लोंबी अशी ताठ राहत नाही.

"ह्यो तर नुसता पेंढाच की," त्याची बायको केशर बांधावर बसत म्हणाली. "पोरांनी काय खायाचं?"

उमाजीनं हातातलं टरफल फुंकून टाकलं. डोंगरउतारावरचं रान जाळून नाचणी पेरायला सरकारनं बंदी केल्यापासून एवढ्या खाचरांवरच घर चालत होतं.

खालच्या खाचराकडे मात्र तो बघत नव्हता. ते धाकट्या भावाचं, कान्हूचं. ऐन लावणीत कान्हूची बायको रुक्मा बाळंतपणात अडली. कान्हूनं तरव्याच्या, भाताच्या कोवळ्या रोपांच्या, जुड्या तिथंच चिखलात टाकल्या, तिला डोलीत घातलं आणि रान तुडवत सुइणीचं गाव गाठलं. मुलगी झाली. दोघी वाचल्या. पण तो परतला तोवर तरवा जून झाला होता.

"पाऊस तुझ्यासाठी थांबतोय व्हय?" उमाजी तेव्हा कडाडला होता. "आता तुझं तू लाव, तुझं तू खा." त्यानं चूल वेगळी केली. पोरीचं तोंडही पाहिलं नाही.

आज तो खाली उतरला. भीतभीतच एक लोंबी हातात घेतली. दाणा दाबताच बोटावर पांढरं दूध आलं. दुसऱ्यातही तेच. उशिरा लावलेलं भात उशिरा निसवलं, फुलोऱ्यावर आलं होतं, आभाळ उघडून ऊन पडल्यावर. उमाजीचा जीव भांड्यात पडला. मग त्याला लाज वाटली. हे भात त्याचं कुठं होतं?

मागे कान्हू येऊन उभा होता.

"तुझं भरलंय," उमाजी म्हणाला.

"दोन्ही घरांस्नी पुरंल," कान्हू म्हणाला. "बियाणं बी निघंल."

चिकट झालेली बोटं उमाजी कितीतरी वेळ धोतराला पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "पोरीचं नाव काय ठेवलंस?"

"ठेवलं न्हाई अजून. घरातला थोरला तू हाईस, अण्णा. तू येशील म्हणून थांबलोय."