रोशनीचा डावा हात

चार-चार झाले तेव्हा वाल्मीक सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि कपाळावर हात मारला.

"पाऊण तास झाला पोरींनो! पाच बास्केटचा खेळ आहे, पंचवार्षिक योजना नाही!"

कठड्यावर बसलेल्या मुली हसल्या. रोशनी हसली नाही. जिल्ह्याच्या संघात अकरा नावं लागली होती. बारावी जागा एकच उरली होती, आणि ती एक तर तिला मिळणार होती, नाहीतर हर्षालीला. दोघीही गार्ड, दोघीही अडवण्यात पटाईत. समोरची कितीही तालेवार असो, यांच्या तावडीत सापडली की तिला चेंडू नकोसा व्हायचा. पण बास्केट करा म्हटलं की बोंब! हर्षाली दोन्ही हातांनी छातीपासून चेंडू भिरकावायची. दहातले तीन पडले तरी देव पावला. रोशनी उजवीकडून बरी घुसायची, पण डावा हात म्हणजे नुसता बांगडी घालण्यापुरता. म्हणून तर सरांनी दोघींना एकमेकींसमोर उभं केलं होतं. अडवता दोघींनाही येतं, टाकता कुणाला येतं ते बघू, म्हणाले.

"आता जी टाकेल ती बारावी. चेंडू रोशनीचा."

रोशनीनं चेंडू दोनदा जमिनीवर आपटला. सकाळी इगतपुरी स्टेशनवर सोडताना बाप म्हणाला होता, "या वर्षी नाव नाय लागलं तर बास झालं, पोरी. अंबडच्या कंपनीत पॅकिंगला लावून देतो." बाप वाईट नव्हता. चार वर्षं तोच तिला अंधारात गाडीवर बसवून स्टेशनला आणत होता. आता तोही थकला होता.

रोशनी आणि हर्षालीची एक जुनी खोड होती. सामन्याआधी समोरच्या मुली सराव करायला लागल्या की या दोघी पाण्याची बाटली घेऊन कडेला बसायच्या आणि कोण कुठला पाय जपून टाकतंय ते हेरायच्या. "सात नंबर, डावा घोटा," हर्षाली कुजबुजायची. मग अख्खा सामनाभर सात नंबरला त्याच पायावर नाचवायचं. यात रोशनीला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. खेळ आहे गं, भजन नाही, असं हर्षालीच म्हणायची.

आज हेरायची गरजच नव्हती. हर्षालीचा उजवा गुडघा तीन आठवडे सुजत होता. सरांना ठाऊक नव्हतं, देवळाली कॅम्पात तिच्या घरीही ठाऊक नव्हतं. तिलाही ही जागा हवी होती, म्हणून तर लपवाछपवी. कपडे बदलायच्या खोलीत दार लावून गुडघ्याला बँडेज बांधायची ती रोशनीच. आजही तिनंच बांधलं होतं.

"लय घट्ट झालं का गं?"

"होऊ दे. तू आहेस म्हणून निभतंय," हर्षाली म्हणाली होती.

आता तीच हर्षाली हात पसरून, वाकून समोर उभी होती. नेहमीसारखी रोशनीची उजवी बाजू बंद करून. डावीकडची वाट तिनं सताड उघडी टाकली होती. रोशनी तिकडून जात नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत!

रोशनीनं तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर जमलं नसतं. उजवीकडे एक पाऊल टाकून ती थबकली, चेंडू डाव्या हाताकडे घेतला आणि घुसली.

हर्षाली गर्रकन वळली. सगळं अंग उजव्या पायावर आलं. कटकन आवाज झाला, तो कठड्यावरच्या मुलींनाही ऐकू गेला. रोशनीनं मागे न बघता डाव्या हातानं चेंडू फळीवर मारला. तो रिंगवर जरासा घुटमळला आणि जाळीतून खाली पडला.

"अरे वा रे वाघीण!" सर ओरडले. "हा डावा हात इतके दिवस कुठं दडवला होतास?"

मग त्यांना हर्षाली दिसली आणि ते धावले.

ती सिमेंटवर गुडघा आवळून पडली होती. ट्रॅकपँट वर सरकली होती, बँडेज उघडं पडलं होतं. "हे कधीपासून?" सरांनी विचारलं. "कुणाला माहीत होतं?" रोशनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, कुठंतरी आत तिला आनंदही होत होता. जागा मिळाली होती.

सर तिच्याकडे वळले. "धक्का लागला का गं तुझा? खरं सांग. फाउल असेल तर ही बास्केट मी धरणार नाही."

हो म्हणावं, असं रोशनीला वाटलं. एका शब्दात सगळं मागे घेता आलं असतं. पण तिनं खाली पडलेला चेंडू उचलून छातीशी धरला.

हर्षालीनं मान वर केली. डोळे पाण्यानं भरले होते, पण ती सरांकडे बघत नव्हती, थेट रोशनीकडे बघत होती.

"धरा सर बास्केट," ती म्हणाली. "तिनं मला हातसुद्धा लावला नाही."