माळेचे नियम

"खाला, निळी माळ हवी होती," नजात दारातूनच म्हणाली. "मला कबसा बसलाय. दूध आटलं."

तिच्या खांद्यावर एकवीस दिवसांचं पोर होतं. रडून रडून त्याचा आवाज बसला होता, आता ते नुसतंच तोंड उघडत होतं. बद्रिया ताटलीतले मणी एकेक करून दोऱ्यात ओवत होती. तिने मान वर केली नाही. वर केली असती तर तोंडावर सगळं दिसलं असतं.

माळ नव्हती. तिच्या आजेसासूला डोंगरातल्या थडग्यांच्या वाळूत सापडलेले ते मणी, फारोंच्या काळचे. गुरना गावातल्या कुठल्याही बाळंतिणीचं दूध आटलं की ती माळ मागून न्यायची, शुक्रवारी दुपारच्या अजानला पाण्यात बुडवायची, त्या पाण्याने अंघोळ करायची आणि माळ परत आणून द्यायची. चार पिढ्या हे चाललं होतं. आणि परवा बद्रियाने ती व्यापाऱ्याच्या गठ्ठ्यात बांधून दिली. चुकून.

हसावं की रडावं अशी चूक. चाळीस वर्षं तिने आणि नवऱ्याने भट्टीत नवे मणी भाजले. मग ते कणकेच्या गोळ्यांत घालून बदकांना चारायचे आणि दोन दिवसांनी घाणीतून वेचून काढायचे. एवढ्याने मणी तीन हजार वर्षांचे दिसायला लागत. हॉटेलातल्या पाहुण्या बायका त्या माळा गळ्यात घालून खुशीत मायदेशी जायच्या. जगाला टोप्या घालता घालता बद्रियालाच जुनं-नवं दिसेनासं झालं. काल पेटीतली माळ तिने चाचपली, तेव्हा कुठे बोटांना कळलं. जुन्या माळेतल्या एका मण्याचा टवका उडालेला होता. हिच्यात तसा एकही मणी नव्हता.

"कोण आलं होतं खोलीत?" तिने विचारलं. बाळंतपणाला चाळीस दिवस होण्याआधी ताजी हजामत केलेला कुणी बाळंतिणीच्या खोलीत शिरला, तर कबसा बसून तिचं दूध आटतं, असं गावात मानत.

"धाकटे दीर. न्हाव्याकडून ताजी हजामत करून थेट आत. चाळीस दिवसही झाले नाहीत. सासूबाई म्हणतात, तूच दार उघडं टाकलंस."

"मग का टाकलंस?"

"पीठ आणायला बाहेर गेले होते."

बद्रियाने आता मान वर केली. पोरीचे डोळे खोल गेले होते आणि कोपरापर्यंत पीठ वाळलेलं होतं.

"रोट्या तू करतेस?"

"सातव्या दिवसापासून. अकरा माणसं आहेत, खाला. रात्री हा झोपू देत नाही आणि पहाटे पीठ मळायचं असतं." तक्रार करण्याइतकंही त्राण तिच्या आवाजात नव्हतं.

खरं सांगून टाकावं, असं बद्रियाला फार वाटलं. खोटं बोलण्याचाही आता तिला कंटाळा आला होता. पण खरं ऐकून ही पोर काय करणार? तशीच घरी जाऊन परातीपुढे बसणार. बद्रिया गुडघ्यावर हात देऊन उठली. पेटीतली बदकाची माळ तिने काढली आणि शुक्रवारची अजान सुरू होताच घंगाळात सोडली.

नजात अंघोळ करून आली आणि ओल्या केसांनीच पोराला उचलायला वाकली.

"निघालीस कुठे? माळेचे नियम कोण पाळणार?"

"कसले नियम?"

"तीन दिवस माळेजवळच निजायचं. या घरात. पीठ, पाणी, झाडू, कशाला हात लावायचा नाही. पोराला छातीशी धरायचं आणि झोपायचं."

"सासूबाई असलं काही बोलल्या नाहीत."

"विसरली असेल. वय झालं तिचं."

बद्रियाने तिला मेथीचा काढा दिला, काकवीत तीळ कालवून दिले. "जरा पाठ टेकते," असं म्हणता म्हणताच नजातला झोप लागली. बद्रिया पोराला मांडीवर घेऊन साखरपाण्याचं बोट चोखवत बसली. मणी तसेच राहिले.

नजातच्या सासूचे, हमीदाचे, निरोपावर निरोप आले. बद्रियाने प्रत्येकाला तेच सांगितलं, माळेचा नियम आहे. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर हमीदा स्वतःच आली. तिच्याही हातांना पीठ होतं.

"कुठंय माझी सून? कालपासून भट्टीपुढे एकटी भाजून निघतेय मी. आणि आमच्या वेळी कुठे होते गं हे नियम? मीही हीच माळ नेली होती."

"नेली होतीस. मग आलं दूध?"

हमीदा दारातच थांबली.

"नाही आलं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी मी उसाच्या शेतात होते."

आत नजात कुशीवर गाढ झोपली होती. अंगावरचा झगा छातीपाशी ओला झाला होता. पोर पिता पिताच झोपलं होतं, ओठांच्या कडेला दुधाचा थेंब होता. हमीदाने आत डोकावून पाहिलं. मग तिने चपला काढल्या आणि उंबऱ्यावर बसकण मारली.

"बद्रिया," ती हळूच म्हणाली, पोर जागं होऊ नये म्हणून, "जिला दूध नको आहे, अशा बाईसाठी माळेचा काही नियम आहे का?"

बद्रियाने मण्यांची ताटली बाजूला सारली आणि भिंतीशी उभी केलेली दुसरी चटई ओढली.

"आहे ना," ती म्हणाली. "आधी अंघोळ करून ये."