जयवंतचं ताट

संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. गुणवंतीबाई फिरून आल्या, लोटलेलं दार उघडलं, आणि स्टोव्हजवळ झाकून ठेवलेलं ताट जागेवर नव्हतं. भाकरी नव्हती, भाजी नव्हती. ताट वर फळीवर होतं. घासलेलं. कडेवरून पाणी ठिबकत होतं.

१९९०चा मार्च. लालबागची चाळ, तिसरा मजला, एक खोली.

त्या तशाच शेजारच्या कमलाबाईंकडे गेल्या. त्या ताटातलं जेवण रोज फिरून आल्यावर कमलाबाईंकडेच जात असे.

"आज तूच येऊन नेलंस का गं?"

"मी? ही बघ पिशवी, दळण घेऊन आत्ता येतेय," कमलाबाई म्हणाल्या. "आणि तुझं ते बिनतेलाचं खाऊन वर ताट घासून ठेवीन, एवढी गुणाची आहे का मी?"

"कुणी आलं होतं?"

"सगळ्या बाया नळावर. कोण बघतंय?"

आठ वर्षांपूर्वी, गिरण्यांच्या संपाच्या काळापर्यंत, या खोलीत खानावळ होती. गिरणीतले बारा जण दोन पाळ्यांत जेवत. नवरा गेल्यावर गुणवंतीबाईंनी त्यावरच मुलाला, जयवंतला, वाढवलं. बारा ताटं गिऱ्हाइकांची, तेरावं जयवंतचं. प्रत्येकावर नाव कोरलेलं. नियम एकच होता. जेवण झालं की ज्याने त्याने आपलं ताट घासून फळीवर ठेवायचं. उद्या जेवायला असेल तर सुलटं, नसेल तर पालथं. गुणवंतीबाई फळीकडे बघून पीठ मळत. विचारावं लागत नसे.

जयवंत बदली कामगार होता, एकोणीस वर्षांचा. संपाच्या दहाव्या महिन्यात तो पहिल्या पाळीला गिरणीत शिरला. संध्याकाळपर्यंत सगळ्या चाळीला कळलं. संपात पाळ्या नव्हत्या, सगळ्यांची पानं एकदमच वाढली होती. बारा जण हात मांडीवर ठेवून बसले. कुणी घास उचलला नाही. गुणवंतीबाईंनी जयवंतच्या पुढचं ताट ओढलं, रिकामं केलं आणि सगळ्यांच्या देखत फळीवर पालथं घातलं.

"संप फोडणाऱ्याचं पान माझ्याकडे वाढलं जाणार नाही."

तो अंगावरच्या कपड्यांनिशी जिना उतरला.

बारा जण पुढे एकेक करून गावाकडे गेले, आपापली ताटं घेऊन. खानावळ मिटली. जयवंतचं ताट दुसऱ्याच दिवशी गुणवंतीबाईंनी सुलटं केलं होतं, पण ते बघायला तो नव्हता. मग त्या रोज संध्याकाळी त्याचं पान वाढू लागल्या. दारात बसायच्या, नऊपर्यंत. तो आला आणि कुलूप दिसलं तर, म्हणून बाहेर पडायच्या नाहीत. भाजीसुद्धा कमलाबाई आणून द्यायच्या. नऊ वाजले की अन्न टाकवत नसे. आपलं जेवण आधी झालेलं असे, त्यावर त्याचंही जेवायच्या. सहा वर्षांत वजन अठ्ठ्याऐंशी किलोवर गेलं. गुडघे गेले, रक्तात साखर आली.

म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण वयाने लहान होती.

"घरात किती माणसं, मावशी?"

"मी एकटी."

"मग जेवण किती जणांचं करता?"

"दोघांचं."

"दुसरं कोण जेवतं?"

"मीच."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं आणि मुलाचं सगळं विचारून घेतलं. मग म्हणाली, "त्याचं पान वाढा. पण तुम्ही ते खायचं नाही. आणि रोज संध्याकाळी तासभर चालायचं. नाहीतर दोन वर्षांत जिना चढता येणार नाही. मग राहणार कुठे?"

राहायला गावी भाऊ होता. म्हणजे खोलीला कुलूप. ते ऐकून गुणवंतीबाई तयार झाल्या.

पहिल्या आठवड्यात गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊनच धाप लागली. मग भारतमाता थिएटरपर्यंत जायचं आणि परत यायचं, अशी एक फेरी. पुढे दोन. दार नुसतं लोटलेलं, आत पान वाढून झाकलेलं. चहातली साखर गेली, तेल निम्म्यावर आलं, तळलेले बोंबील फक्त रविवारी. एक दिवस चुकला नाही. चौदा महिन्यांत वजन एकाहत्तर झालं. डॉक्टरिणीने कार्डावर आकडा लिहून खाली दोनदा रेघ ओढली.

गुणवंतीबाईंना अंग हलकं वाटत होतं आणि खोली जड. त्याचं जेवण आपण जेवत होतो तेव्हा निदान कुणीतरी जेवलं असं वाटायचं. आता भरलेलं ताट तसंच कमलाबाईंच्या दारात जायचं.

कमलाबाईंकडून परत येऊन त्या फळीखाली उभ्या राहिल्या. फळी उंच. खालून ताटाची नुसती कड दिसत होती. त्यांनी स्टूल ओढलं आणि चढल्या. वर्षापूर्वी चढता आलं नसतं.

ताट सुलटं होतं.

त्या स्टुलावरूनच मागे वळल्या. तिथून उघडं दार दिसत होतं, दारापुढे जिना, आणि दारात त्यांची रोजची बसायची जागा. त्या सहा वर्षांत जिना चढून येणाऱ्याला पहिलं तोंड त्यांचंच दिसलं असतं, ताट पालथं घालणारीचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पीठ जास्त मळलं. रविवार नसताना बोंबील तळले. पान वाढलं, झाकलं, दार लोटलं आणि सहाला बाहेर पडल्या. दोन फेऱ्या झाल्या. सात वाजून दहा मिनिटांनी त्या चाळीच्या फाटकाशी आल्या. वर बघितलं नाही. तिसऱ्या फेरीला वळल्या.